रिचार्जेबल सेल आणि चार्जर : घरातल्या कोणत्या वस्तूला काय घ्यावे?

वीज देऊन पुन्हा भरता येतो तो रिचार्जेबल सेल. दिसायला तो साध्या पेन्सिल सेलसारखाच असतो, बसतोही त्याच खाचेत, पण किंमत कित्येक पट जास्त असते. त्यामुळे दुकानात उभे राहिल्यावर प्रश्न पडतो, की हा घ्यावा की नेहमीचा साधा? आणि घेतलाच, तर कोणता?

छत्रपती संभाजीनगरमधील उस्मानपुरा हा शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, शासकीय तंत्रनिकेतन आणि संत एकनाथ रंगमंदिर यांचा परिसर. इथल्या चौघांच्या एखाद्या सर्वसाधारण घरातले सेल मोजून पाहू. भिंतीवरच्या दोन घड्याळांत दोन, टीव्ही आणि सेट टॉप बॉक्सच्या रिमोटमध्ये चार, एसी किंवा पंख्याच्या रिमोटमध्ये दोन, वायरलेस माउसमध्ये एक, आजोबांच्या बीपी मशीनमध्ये चार, मुलाच्या गाडीत तीन आणि गॅस गीझरमध्ये दोन मोठे. म्हणजे एकूण अठरा सेल. शिवाय टॉर्च, डास मारायची रॅकेट, ट्रिमर, पॉवर बँक यांच्या आत बसवलेल्या बॅटऱ्या वेगळ्याच.

हे अठराही सेल रिचार्जेबल करण्यात अर्थ नाही, आणि एकही न करणे हेही नुकसानीचे. निवड सेलच्या जाहिरातीवरून करू नये, वस्तू किती वीज खाते यावरून करावी. एवढे एक सूत्र लक्षात ठेवले तर बाकीचे निर्णय सोपे होतात.

आधी वस्तूंची वाटणी करा

सेलवर चालणाऱ्या वस्तूंचे ढोबळमानाने तीन गट पडतात.

पहिला गट खादाड वस्तूंचा. मोटर किंवा तेजस्वी दिवा असलेली प्रत्येक वस्तू यात येते : मुलांच्या चालणाऱ्या गाड्या, दंडावर पट्टा फुगवणारे बीपी मशीन, कॅमेऱ्याचा फ्लॅश, रोज वापरायचा टॉर्च, भजनी मंडळाचा वायरलेस माइक, गेमचा रिमोट. यांचे सेल काही दिवसांत किंवा आठवड्यांत संपतात. रिचार्जेबल सेलची खरी जागा ही आहे.

दुसरा गट थेंब-थेंब वीज घेणाऱ्या वस्तूंचा : भिंतीवरचे घड्याळ, टीव्हीचा रिमोट, डिजिटल थर्मामीटर. यांचा एक सेल वर्षभर किंवा त्याहूनही जास्त टिकतो. येथे रिचार्जेबल सेल चालतो, पण त्याचे पैसे वसूल व्हायला अनेक वर्षे जातात. घड्याळात साधा सेल आणि महत्त्वाच्या रिमोटमध्ये चांगला अल्कलाइन सेल पुरेसा आहे.

तिसरा गट अडून बसणाऱ्या वस्तूंचा. गॅस गीझर हे त्याचे घरोघरी असलेले उदाहरण. नळ सोडल्यावर ठिणगी पडण्यासाठी त्यात सहसा दोन मोठे सेल असतात आणि त्याला 3 व्होल्टची अपेक्षा असते. दोन रिचार्जेबल सेल मिळून 2.4 व्होल्ट देतात. काही गीझर तेवढ्यावर पेटतात, काही पेटत नाहीत. अशा ठिकाणी माहितीपुस्तिकेत सांगितलेलाच सेल वापरावा. आणीबाणीसाठी कपाटात वर्षभर पडून राहणाऱ्या टॉर्चलाही ताजे अल्कलाइन सेल बरे. मात्र ते टॉर्चच्या आत न ठेवता शेजारी ठेवावेत, म्हणजे सेल पाझरून टॉर्च खराब होत नाही.

बटणासारखे चपटे सेल (वजनकाटा, गाडीची चावी, साखर तपासायचे मशीन) मात्र चार्जरला कधीही लावू नयेत. नेहमी मिळणारे असे बहुतेक सेल एकदाच वापरायचे असतात. लहान मुलाने असा सेल गिळला तर दोन तासांतही अन्ननलिकेला गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. त्यामुळे 'शौचावाटे पडेल' म्हणून वाट न पाहता लगेच घाटीसारख्या मोठ्या रुग्णालयात न्यावे.

1.2 व्होल्ट कमी पडत नाहीत का?

साध्या सेलवर 1.5 व्होल्ट लिहिलेले असते आणि नेहमीच्या रिचार्जेबल सेलवर 1.2 व्होल्ट. यावरून रिचार्जेबल सेल कमकुवत असतो, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात अल्कलाइन सेल 1.5 व्होल्टवर फक्त सुरुवातीला असतो. वापर सुरू झाला की त्याचा दाब उतरत जातो आणि अर्धा सेल संपेपर्यंत तोही 1.2 व्होल्टच्या आसपास येतो. रिचार्जेबल सेल मात्र भरल्यावर 1.4 च्या जवळ सुरू होऊन लवकरच 1.2 वर येतो आणि जवळजवळ संपेपर्यंत तिथेच टिकून राहतो. 1 व्होल्टच्या खाली गेला की तो रिकामा समजावा.

दुसरा फरक याहून महत्त्वाचा आहे. अल्कलाइन सेलचा आतला रोध जास्त असतो. मोटर एकदम जास्त प्रवाह मागते तेव्हा त्याचा दाब कोसळतो. बीपी मशीनमध्ये पट्टा फुगताना मध्येच मशीन बंद पडते ते अनेकदा यामुळे, आणि तोच सेल काढून घड्याळात घातला तर आणखी काही महिने चालतो. रिचार्जेबल सेलचा आतला रोध कमी असल्याने मोटर असलेल्या वस्तूत तो उलट सरस ठरतो. तरीही बीपी मशीन ही औषधोपचाराशी जोडलेली वस्तू आहे. तिच्या पुस्तिकेत रिचार्जेबल सेल चालतात का ते आधी पाहावे. सेल कमी झाल्याची खूण पडद्यावर दिसत असताना घेतलेल्या मोजमापावर भरवसा ठेवू नये.

रिचार्जेबल सेलचे प्रकार

निकेल-कॅडमियम हा सर्वांत जुना प्रकार. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी तो 1899 मध्ये तयार केला. जुन्या ट्रिमरमध्ये आणि कॉर्डलेस फोनमध्ये तो आजही सापडतो. 'पूर्ण संपल्याशिवाय चार्ज करू नये' ही समजूत त्याच्या काळातली आहे. कॅडमियम विषारी असल्याने घरासाठी हा प्रकार आता नव्याने घेऊ नये.

निकेल-मेटल हायड्राइड हा आजचा नेहमीचा प्रकार. तो 1989 च्या सुमारास बाजारात आला. सुरुवातीच्या सेलचा एक मोठा दोष होता : न वापरताही ते रिकामे होत. महिनाभर ड्रॉवरमध्ये ठेवले की पाव भाग वीज गेलेली असे. 'रिचार्जेबल सेल टिकत नाहीत' ही तक्रार मुख्यतः त्यातूनच आली. 2005 मध्ये जपानच्या सान्यो कंपनीने एनेलूप या नावाने कमी गळतीचे सेल आणले, तेव्हा हे चित्र बदलले. असे सेल वर्षभर पडून राहिले तरी बहुतांश वीज धरून ठेवतात. सान्यो पुढे पॅनासॉनिककडे गेली आणि आता इतर कंपन्याही असे सेल करतात. पाकिटावर 'रेडी टू यूज' किंवा 'प्रीचार्ज्ड' असे लिहिलेले असेल तर तो सहसा कमी गळतीचा सेल असतो. घरासाठी हाच प्रकार घ्यावा.

1.5 व्होल्टचा लिथियम सेल हा नवा पर्याय. याच्या आत 3.7 व्होल्टची छोटी लिथियम-आयन बॅटरी आणि दाब उतरवून 1.5 करणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट असते. काहींच्या अंगावरच यूएसबी-सी पिन लावायची जागा असते. 1.2 व्होल्टवर अडून बसणाऱ्या वस्तूंना हा उपयोगी पडतो. मात्र त्याच्या तीन मर्यादा आहेत. तो शेवटपर्यंत पूर्ण दाब देतो आणि मग एकदम बंद पडतो, त्यामुळे 'सेल कमी झाला' ही पूर्वसूचना मिळत नाही. आतल्या सर्किटमुळे मध्यम लहरींवरच्या रेडिओत खरखर येऊ शकते. आणि तो निकेलच्या सेलसाठी असलेल्या चार्जरला लावणे धोक्याचे आहे. त्याला त्याचाच चार्जर लागतो.

आकडे कसे वाचावेत

सेलवरचा एमएएच (मिलिअँपिअर-तास) हा आकडा त्यात किती वीज मावते ते सांगतो. तो जितका मोठा तितका सेल चांगला, असे सरळ गणित नाही.

निकेल-मेटल हायड्राइडच्या एए आकाराच्या सेलमध्ये 2700-2800 एमएएचपेक्षा जास्त मावत नाही आणि एएए आकारात साधारण 1100 च्या पुढे जात नाही. एए सेलवर 4000 किंवा 5000 लिहिलेले असेल तर तो आकडा खोटा समजावा. टॉर्चमध्ये वापरल्या जाणाऱ्या 18650 या आकाराच्या लिथियम सेलचेही तसेच. 18 मिलिमीटर जाडीच्या आणि 65 मिलिमीटर लांबीच्या या सेलमध्ये आजघडीला 3500 च्या आसपासच मावते. त्यावर 9900 छापलेले असेल तर ती निव्वळ फसवणूक असते.

खरेपणा ओळखण्याचा एक घरगुती उपाय म्हणजे स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. निकेल-मेटल हायड्राइडचा चांगला एए सेल 26 ते 31 ग्रॅम भरतो आणि 18650 साधारण 45 ग्रॅम. वजन याच्या निम्मे भरले तर आत मालही निम्माच आहे.

मोठ्या क्षमतेची आणखी एक किंमत मोजावी लागते. एनेलूपच्या 2000 एमएएच वर्गातील सेलसाठी कंपनीने सुमारे 2100 वेळा चार्ज होण्याचा दावा केला आहे, तर 2500 एमएएच वर्गातील 'प्रो' सेलसाठी 500 वेळांचा. जागा तेवढीच असताना जास्त माल भरला की आतले पडदे पातळ होतात आणि सेल लवकर थकतो. घरगुती वापरासाठी एए आकारात 1900 ते 2100 आणि एएए आकारात 750 ते 900 हे आकडे योग्य आहेत.

1.5 व्होल्टच्या लिथियम सेलवर बहुधा एमडब्ल्यूएच (मिलिवॅट-तास) छापतात. हा आकडा मोठा दिसतो आणि तिथे गोंधळ होतो. 3000 एमडब्ल्यूएचला 1.5 ने भागले की 2000 एमएएच येतात. तुलना एकाच मापात करावी. 2000 एमएएचचा निकेलचा सेल 1.2 ने गुणला की 2400 एमडब्ल्यूएचचा ठरतो. म्हणजे फरक आहे, पण छापील आकड्यावरून वाटतो तेवढा नाही.

दुकानात 'पेन्सिल सेल' म्हटले की कधी एए मिळतो, कधी एएए. एए 14.5 मिलिमीटर जाड आणि 50.5 मिलिमीटर लांब असतो, तर एएए 10.5 मिलिमीटर जाड आणि 44.5 मिलिमीटर लांब. जुना सेल सोबत नेणे सर्वांत सोपे.

चार्जर : इथे काटकसर नको

चांगला सेल वाईट चार्जरमुळे वर्षभरात मरतो, आणि बोल मात्र सेलला लागतो. म्हणून सेलपेक्षा चार्जर जास्त पारखून घ्यावा.

सर्वांत स्वस्त चार्जर भिंतीला लावला की अखंड वीज देत राहतो. सेल भरला की नाही हे त्याला कळत नाही. 'दहा-बारा तासांनी काढा' असे पाकिटावर लिहिलेले असते, पण रात्री लावलेला सेल सकाळच्या गडबडीत तसाच राहतो आणि तापून खराब होतो. शिवाय असे अनेक चार्जर सेल जोडीनेच चार्ज करतात. जोडीतला एक अर्धा भरलेला आणि दुसरा रिकामा असेल तर पहिला जास्त भरतो आणि दुसरा उपाशी राहतो. हीच जोडी वस्तूत घातली की कमी भरलेला सेल आधी संपतो, उरलेला त्यात उलटा प्रवाह ढकलतो आणि तो कायमचा बिघडतो.

स्मार्ट चार्जर प्रत्येक सेलवर वेगळी नजर ठेवतो. निकेलचा सेल भरत असताना त्याचा दाब चढत जातो आणि पूर्ण भरल्यावर अगदी थोडा, काही मिलिव्होल्ट, खाली येतो. ही घसरण ओळखून चार्जर वीज तोडतो. जोडीला तापमान आणि वेळ यांचीही मर्यादा असते. चार सेलच्या चार्जरवर चार वेगळे दिवे किंवा पडद्यावर चार वेगळे रकाने असतील आणि तो एकटा सेलही चार्ज करत असेल, तर प्रत्येक खाच स्वतंत्र असल्याची ती चांगली खूण आहे.

चार्जिंगचा वेग मध्यम असावा. 2000 एमएएचच्या सेलला 500 ते 1000 मिलिअँपिअरचा प्रवाह चांगला. 500 ला साधारण साडेचार-पाच तास लागतात. पंधरा-वीस मिनिटांत भरणारे चार्जर सेल फार तापवतात. फार हळू चार्ज करणाऱ्या चार्जरला भरल्यावरची ती छोटी घसरण नीट ओळखता येत नाही. चार्ज होताना सेल शेवटी कोमट लागणे स्वाभाविक आहे. हातात धरवणार नाही इतका तापत असेल तर सेल किंवा चार्जर यातले एक बदलावे.

साधा अल्कलाइन सेल चार्जरमध्ये कधीही घालू नये. त्यात वायू साठून तो पाझरतो किंवा फुटतो.

पैसे खरेच वाचतात का?

भाव दुकानागणिक बदलतात, म्हणून हिशेबाची पद्धत पाहू आणि आकडे आपापल्या दुकानातले घालू. समजा, चार अल्कलाइन सेलचा संच 120 रुपयांना मिळतो आणि मुलाच्या खेळण्याला महिन्यात असे दोन संच लागतात. वर्षाचा खर्च झाला 2880 रुपये. चार रिचार्जेबल सेल आणि स्मार्ट चार्जर मिळून 2000 रुपये पडले, तर नऊ महिन्यांच्या आत पैसे वसूल होतात. त्यानंतर खर्च फक्त विजेचा.

आणि ती वीज नगण्य असते. 2000 एमएएच गुणिले 1.2 व्होल्ट म्हणजे 2.4 वॅट-तास. चार्जरमधले आणि सेलमधले नुकसान धरून 5 वॅट-तास समजू. एका युनिटमध्ये 1000 वॅट-तास असतात, म्हणजे एका युनिटमध्ये असे 200 सेल भरतात.

आता घड्याळाचे पाहा. त्याला वर्षाला 20 रुपयांचा एक सेल लागतो. तिथे 250 रुपयांचा रिचार्जेबल सेल घातला तर चार्जरचे पैसे सोडूनही तो वसूल व्हायला साडेबारा वर्षे लागतात, आणि तोवर तो सेलच म्हातारा झालेला असतो.

यातून आणखी एक गोष्ट कळते. महिन्यातून दोनदा चार्ज केले तर वर्षात 24 वेळा होते. म्हणजे 2100 वेळांचा दावा घरात कधीच पूर्ण वापरला जात नाही. सेल बहुधा वयाने थकतो. त्यामुळे गरजेपेक्षा जास्त सेल घेऊन ठेवू नयेत. खादाड वस्तूंना लागतात तितके आणि वर एक राखीव संच पुरेसा.

आत बसवलेल्या बॅटऱ्या

डास मारायच्या रॅकेटमध्ये आणि आणीबाणीच्या दिव्यात पुष्कळदा 4 किंवा 6 व्होल्टची बंद शिसे-आम्ल बॅटरी असते. इन्व्हर्टरच्या मोठ्या बॅटरीची ती धाकटी बहीण. हिला रिकामी ठेवलेली चालत नाही. पावसाळा संपल्यावर रॅकेट रिकामी तशीच माळ्यावर ठेवली की पुढच्या वर्षी ती चार्जच होत नाही. वापर नसला तरी दोन-तीन महिन्यांनी एकदा पूर्ण चार्ज करावी. चार्जिंगला लावलेली असताना रॅकेट वापरू नये.

मोबाइल, पॉवर बँक, ट्रिमर आणि नवे टॉर्च यांत लिथियम-आयन बॅटरी असते. ही बॅटरी सोनी कंपनीने 1991 मध्ये बाजारात आणली आणि तिच्या शोधासाठी 2019 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना मिळाले. तिला पूर्ण रिकामी करण्याची गरज नसते, उलट त्याने तिचे आयुष्य घटते. बरेच दिवस वस्तू वापरायची नसेल तर अर्धी भरून थंड जागी ठेवावी. बॅटरी फुगली असेल तर चार्जिंग लगेच बंद करावे. ती टोचू नये, दाबू नये. पेट घेणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवून दुरुस्ती केंद्रात द्यावी. आग लागलीच तर आधी माणसे बाहेर काढून अग्निशमन दलाला 101 वर कळवावे.

जुन्या लॅपटॉपमधले सेल काढून, वर नवे वेष्टन चढवून विकण्याचा प्रकार चालतो. सुटे, खुले आणि भावात फार स्वस्त लिथियम सेल घेऊ नयेत.

मराठवाड्याचा उन्हाळा आणि सेल

एप्रिल-मे महिन्यांत शहराचा पारा 40 अंशांच्या पुढे जातो. पत्र्याचे छप्पर किंवा वरच्या मजल्यावरची खोली असेल तर घरातही फारसा फरक नसतो. उष्णता ही प्रत्येक प्रकारच्या बॅटरीची शत्रू. तापलेल्या जागेत निकेलचा सेल पूर्ण भरत नाही आणि लिथियम सेल लवकर म्हातारा होतो. साधारण 45 अंशांच्या वर लिथियम बॅटरी चार्ज करूच नये.

म्हणून उन्हाळ्यात रात्री उशिरा किंवा पहाटे चार्जिंग करावे. चार्जर फ्रीजच्या डोक्यावर, खिडकीच्या उन्हात, गादीवर किंवा उशीखाली ठेवू नये. फरशी किंवा कडाप्प्याचा ओटा ही उत्तम जागा. पॉवर बँक उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नये. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी एका एक्स्टेन्शन बोर्डावर चार-पाच चार्जर लावून बाहेर जाण्याची सवय टाळावी. सेल फ्रीजमध्ये ठेवण्याची मात्र गरज नाही. बाहेर काढल्यावर त्यावर पाणी साचते.

विकत घेताना काय तपासावे?

- भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक. घरगुती निकेल आणि लिथियम सेलसाठी आयएस 16046 हे मानक असून त्याची नोंदणी सक्तीची आहे. भाग 1 निकेलच्या सेलसाठी, भाग 2 लिथियमसाठी. खुणेसोबत 'आर' अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो.
- तो क्रमांक मोबाइलवरच्या 'बीआयएस केअर' अॅपमध्ये टाकला की कंपनीचे नाव आणि वस्तू दिसते. पैठण गेटजवळच्या दुकानात खरेदी असो की ऑनलाइन, ही तपासणी दोन मिनिटांत होते.
- उत्पादनाची तारीख. वर्षानुवर्षे पडून असलेला सेल नवा असूनही थकलेला असतो.
- चार्जर कोणत्या प्रकारच्या सेलसाठी आहे ते. 'एनआय-एमएच' आणि 'लि-आयन' हे वेगळे आहेत.
- 9 व्होल्टचा चौकोनी रिचार्जेबल सेल घ्यायचा असल्यास त्याचा खरा दाब. पुष्कळदा तो 8.4 किंवा 7.2 व्होल्ट असतो. माइकला 8.4 चा बरा.

वापरण्याच्या चार सवयी

सेल एकत्र घेतलेले एकत्रच वापरावेत. मार्करने त्यांवर 'बीपी 1', 'गाडी 2' असे आणि खरेदीचा महिना लिहून ठेवावा. नवा-जुना, भरलेला-रिकामा, दोन कंपन्यांचे किंवा दोन क्षमतांचे सेल एका वस्तूत मिसळू नयेत.

वस्तू मंदावली की लगेच सेल काढावेत. गाडी रखडत चालत असताना ती तशीच चालवत राहिले तर सेल खोलवर रिकामे होऊन बिघडतात.

भरलेले सेल प्लॅस्टिकच्या डबीत ठेवावेत. किल्ल्या आणि नाण्यांसोबत खिशात टाकले तर दोन्ही टोके जोडली जाऊन ते चटका बसेल इतके तापतात.

तीन-चार महिने न वापरलेला सेल वापरण्यापूर्वी एकदा चार्ज करावा. कार्यक्रमाच्या माइकचे सेल त्याच दिवशी भरावेत.

सेल संपला, आता तो कुठे?

हा प्रश्न या शहराला परका नाही. फेब्रुवारी 2018 मध्ये नारेगावच्या कचरा डेपोकडे जाणाऱ्या गाड्या तिथल्या ग्रामस्थांनी अडवल्या आणि पुढे कित्येक महिने शहराच्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. वर्षानुवर्षे सगळा कचरा एकत्र एका गावाच्या दारात टाकल्याचा तो परिणाम होता. त्यानंतर वर्गीकरणावर भर आला आणि चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी येथे प्रक्रिया केंद्रांची कामे हाती घेण्यात आली. ओल्या कचऱ्याच्या बादलीत पडलेला सेल अशा केंद्रात पोहोचला, तर त्यातले धातू खतात उतरतात. कचरा दाबणाऱ्या गाडीत लिथियम सेल चिरडला, तर आग लागू शकते.

2016 च्या घनकचरा नियमांनी वापरलेल्या सेलना घरगुती घातक कचऱ्यात धरले होते. म्हणजे ते ओल्यातही नाहीत आणि सुक्यातही नाहीत. ऑगस्ट 2022 मध्ये लागू झालेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि त्या इतर कचऱ्यात न मिसळता वेगळ्या देण्याची जबाबदारी ग्राहकावर. फुलीने खोडलेल्या कचरापेटीचे चिन्ह हेच सांगते. त्याखाली कॅडमियमची किंवा शिश्याची खूण असेल तर अधिकच जपावे.

घरात करण्यासारखे काम सोपे आहे. झाकणाची एक प्लॅस्टिकची बरणी ठेवावी. लिथियम आणि 9 व्होल्टच्या सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावून ते तिच्यात टाकावेत. बरणी भरली की घंटागाडीवर घातक कचरा म्हणून वेगळी द्यावी किंवा ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे पोहोचवावी. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदार परत घेतात आणि किमतीत सूट देतात. ती भंगारवाल्याला फोडायला देऊ नये, कारण तिच्यातले शिसे आणि आम्ल माणसालाही घातक आणि मातीलाही.

थोडक्यात

- मोटर किंवा मोठा दिवा असलेल्या वस्तूंना कमी गळतीचे निकेल-मेटल हायड्राइड सेल घ्या. एए आकारात 2000 एमएएचच्या आसपास.
- घड्याळाला साधा सेल. गॅस गीझरला पुस्तिकेत सांगितलेला.
- 1.2 व्होल्टवर वस्तू चालतच नसेल तरच 1.5 व्होल्टचा लिथियम सेल, आणि त्याला त्याचाच चार्जर.
- चार्जर प्रत्येक सेल वेगळा तपासणारा आणि आपोआप थांबणारा असावा.
- अठरा सेलच्या घरात साधारण आठ रिचार्जेबल पुरतात : बीपी मशीनचे चार, गाडीचे तीन आणि माउसचा एक, सगळे एए आकाराचे असतील तर. वर चारांचा एक राखीव संच.
- निकामी सेलची बरणी वेगळी ठेवा.